लक्षात ठेवू का?

भोसरीत आम्ही स्प्रिंगा बनवतो.
दाबली की बसते, सोडली की उभी राहते,
एवढ्यावर शेठची तीन शेड झाली.
आज सकाळपासून मेलमधली ती खिडकीही तशीच.
पासवर्ड द्या, म्हणते.
रद्द केलं की जाते,
चहाचा कप टेबलाला टेकायच्या आत परत उभी.

बुधवार. उद्या गुरुवार, इंडस्ट्रीची सुट्टी, लाइट नाही.
चाकणच्या कंपनीला कोटेशन
तीनच्या आत जायलाच हवं.

आणि माझ्याकडे पासवर्ड नाही.
चार वर्षं रोज हा मेल उघडतेय,
'आपली विश्वासू'च्या खाली माझंच नाव,
पण दार आतून कोण काढत होतं
हे वळून पाहिलं नाही कधी.
तुंगारे बाई मशीनच्या कानात सांगून रिटायर झाल्या
आणि मशीन निमूट
दर दहा मिनिटांनी पलीकडे सांगत राहिलं.

बाईंना फोन लावला, भोरला.
मागे कुकरची शिट्टी.
'पासवर्ड? अगं, तो त्या मशीनलाच माहीत.
मी कशाला डोक्यात ठेवू?'
दुसरी शिट्टी झाली. फोन ठेवला त्यांनी.

अकराला तांबोळी आला, हेल्मेट काखेत.
'नवा टाकायचा तर आधी जुना लागतो, मॅडम.'
सेटिंग, त्यात सुरक्षा,
त्यात जतन केलेले पासवर्ड.
सहा ओळी. सर्व्हर बदलला की नवी ओळ,
जुनी कुणी पुसलेली नाही.
प्रत्येकीपुढे काळे ठिपके,
रांगोळी घालायला बसून कुणी मध्येच उठून गेल्यासारखे.
खाली बटण: दाखवा.
दाबलं तर विचारतं, नक्की?

तांबोळी बाहेर
लांडेवाडीकडचं ट्रॅफिक बघायला लागला.
शहाणा मुलगा.
मीच दाबलं.

पगारवाढ२०१३
पगारवाढ२०१४
पगारवाढ२०१६
(पंधरा नाही. पंधराला मिळाली असेल,
किंवा सर्व्हरच बदलला नसेल, कुणास ठाऊक.)
पगारवाढ२०१७
पगारवाढ२०१८

अक्षरं इंग्रजी, पण वाचताना आवाज बाईंचा आला.
म्हणजे जो कधी आलाच नव्हता तो.
सात दिवस शेजारी बसून काम शिकवलं मला,
फायलींचे रंग, कुणाला उधारी द्यायची नाही,
शेठ शिंकले की सही मागायला जायचं नाही.
याबद्दल एक शब्द नाही.
रोज सकाळी पावणेनऊला,
पर्स खुंटीला लावून,
बोटांनी मात्र म्हणत असणार.

सहावी ओळ, चालू खात्याची:
असूदे१२३

एकदोनतीन सक्तीचे असावेत.
अंक हवाच म्हणतं ते, नाहीतर घेत नाही.

टाईप केलं. उघडलं.
अडकलेले सतरा मेल धडाधड आत आले,
त्यातले नऊ जाहिरातींचे.

'आता जुन्या ओळी काढून टाका,' तांबोळी म्हणाला,
'पडून राहिल्या की धोका असतो.'
'सगळे काढा' असं बटण होतं.
ते नाही दाबलं. एकेक निवडून काढली,
प्रत्येक वेळी 'नक्की?'ला
हो म्हणत.

मग नवा टाका म्हणालं. दोनदा.
आठ अक्षरं तरी हवीत, एक अंक हवा.
शेठ दारात आले, पट्टा सावरत,
'झालं का चालू?'
'होतंय,' म्हटलं, आणि स्क्रीन
जराशी माझ्याकडे वळवली.

अंक म्हणून यंदाचं साल घातलं.
शब्द सांगत नाही.

लक्षात ठेवू का, विचारलं त्यानं.
तीन बटणं: ठेव, आत्ता नको, कधीच नको.
ठेव, म्हटलं.
तूच ठेव बाबा.

आणि पावणेतीनला
कोटेशन गेलं.