मोजणीची वही

बामणोलीच्या वरल्या अंगाला, नांद्रुकाखाली,
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी लिहिते:
नर एक. माद्या नऊ. पिल्लं चार. धुकं.

बमा ढेबे म्हणतो, बाई, नऊ नव्हं, धा.
दहावी कुठंय ते तो हनुवटीनं दाखवतो.
बोट दाखवलं की वानरं उठून जातात.

ती तिथं, बेचक्यात,
डाव्या कानाला चीर, शेपूट दोरीसारखं खाली सोडलेलं.
पाठीशी तिची लेक. लेकीच्या केसांत
तिसरीच कोणी बोटं फिरवतेय,
एकेक केस बाजूला सारत.
काळं पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर जातं,
आई निवांत पाला खाते.
तासाभरात पाच मांड्या. मी मोजल्या.

इथं लेकी नांदायला जात नाहीत.
वहीत याला रकाना नाही.
जन्मल्या त्याच झाडांवर त्या म्हाताऱ्या होतात,
कुठला उंबर आधी पिकतो हे एकमेकींना न सांगता ठाऊक.
जायचं ते पोरांनी.
कड्याच्या खडकांवर त्यांची टोळी बसते,
दहा-बारा जण, तोंडं खाली पाण्याकडं.

माझं नाव दोन रेशनकार्डांवर चढलं,
दोन्हींवरून उतरलं.
हे मी बमाला सांगत नाही.

मार्गशीर्षात टोळीतला एक आला.
दोन दिवस झाडं हलत होती.
तिसऱ्या दिवशी लिहिलं: नर एक.
आकडा तोच.
पिल्लं तीन.
पुढच्या सोमवारी, दोन.

चिरकानी मेलेलं पिल्लू घेऊन हिंडली.
ते वाळत गेलं, ती माशा वारत राहिली.
बाकीच्या तिच्याभोवती बसल्या.
केलं काही नाही. बसल्या.
पाचव्या दिवशी तिनं ते बेचक्यात ठेवलं
आणि पाल्याकडं गेली.

साहेबांनी वही चाळली,
फारसा फरक दिसत नाही म्हणाले.
नाही, म्हटलं.

सांजच्याला धक्क्यावर लाँचची वाट बघत होते.
वरून हूप आला, नव्याचा.
कुणीच मान वर केली नाही.
शेजारी तेटलीची कोणी बाई, डोक्यावर गवताचा भारा,
ओळख ना पाळख,
तिनं मोकळ्या हातानं माझ्या केसांतलं नांद्रुकाचं पान काढलं,
बघितलं,
आणि पाण्यात टाकलं.