इतिवृत्त वाचून कायम

दर महिन्याचा दुसरा मंगळवार.
वाचनालयातल्या बुटक्या खुर्च्यांवर
मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात
आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी
एकोणीस वर्षं लिहिते आहे
कोण हजर, कोण गैरहजर,
सूचक कोण, अनुमोदक कोण.

ऑर्डवे टाउनशिपचा शालेय जिल्हा:
सहा शाळा, एकतीस पिवळ्या बसगाड्या,
एक बॉयलर जो फेब्रुवारीत हटकून रुसतो.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं.
दिवा हिरवा, मग पिवळा, मग लाल.
टाळ्या लिहायच्या नाहीत. रडणं लिहायचं नाही.
"नागरिकाने मत मांडले" एवढं पुरतं.

मार्चच्या सभेत डॉक्टर ओल्डहॅमनी पडद्यावर तक्ता लावला.
वाचनात आपण तसूभर वर, गणितात जैसे थे,
गैरहजेरीमुळे चार ताऱ्यांचे साडेतीन.
त्या अर्ध्या ताऱ्यापायी
मागच्या ओळीतला घरांचा दलाल
पहिल्यांदाच सरळ बसला.

करवाढ नोव्हेंबरात पडली होती, दोनशे बारा मतांनी.
त्या दोनशे बारांतला एक, मर्विन क्रेगॉल,
टोपी हातात घेऊन उठला.
"घराची किंमत कागदावर वाढली,
कर मात्र खिशातून जातो," म्हणाला,
"बायकोची औषधं कागदावर मिळत नाहीत."
मग बराच वेळ गप्प. पिवळा दिवा.
"हॅझल रोडच्या शाळेचा जिना मीच रंगवला होता,
चौऱ्याऐंशी साली. हिरवा.
अजून तोच रंग आहे."
लाल.
मी लिहिलं: नागरिकाने मत मांडले.

रंदा खौरीनं नकाशा आणला होता घडी घालून.
नवी हद्द ऑल्डर स्ट्रीटच्या मधोमध,
विषम घरं पूर्वेच्या शाळेत, सम पश्चिमेच्या.
"माझा मुलगा चौदा नंबरात. त्याचा एकुलता एक मित्र
तेरा नंबरात," एवढंच बोलली,
चाळीस सेकंदांत संपलं तिचं,
पण खाली बसली नाही.
उरलेला सगळा वेळ उभी राहिली,
तिच्या हक्काचा होता तो,
आणि आम्ही सगळे दिव्याकडे बघत राहिलो.

मतदान. चार विरुद्ध एक.
हॅझल रोडची शाळा जूनअखेर बंद.
कुणी ओरडलं नाही. दलालानं गाडीची किल्ली शोधली.

तेव्हा दारातून ऑगी पेल्कोला बोलला,
शाळेचा सफाईवाला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
नाव नोंदवायची चिठ्ठी त्यानं भरलीच नव्हती.
"हरवल्या-सापडल्याच्या पेटीत
एक्केचाळीस जाकिटं आहेत," म्हणाला,
"मी धुतलीत सगळी. दोघांच्या चेन बसवल्या.
ती कुठल्या शाळेत जायची?"

कुणीतरी हसलं, वाईट हेतूनं नाही.
अध्यक्षा डेलाक्रॉयबाई म्हणाल्या, "नोंद घेतली."
आणि नोंद घेतली म्हणतात तेव्हा
काहीच लिहायचं नसतं,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

त्या रात्री स्वयंपाकघरात
उरलेलं सूप ढवळत मी टंकत होते.
बॉयलरची दुरुस्ती: मंजूर. बसचे डिझेल: मंजूर.
ठराव सात: शाळा बंद.
मग बोटं थांबली थोडी,
आणि कुणी न मांडलेला, कुणी अनुमोदन न दिलेला
ठराव सात-अ लिहून मोकळी झाले:
जाकिटे, नग एक्केचाळीस,
मुलांसोबत, जिल्ह्याच्या गाडीने, जिल्ह्याच्या खर्चाने.

खोटं? हो.
नोकरी जाईल एवढं खोटं.
एप्रिलभर पोटात गोळा.

एप्रिलचा दुसरा मंगळवार.
मागील सभेचे इतिवृत्त सर्वांसमोर, सतरा पानं.
डेलाक्रॉयबाईंनी पहिलं पान उलटलं,
शेवटचं उलटलं.
काही दुरुस्त्या? नाहीत.
वाचून कायम. सर्वानुमते.

न वाचता, खरं तर.
पण ते मी लिहीत नाही.
जूनमध्ये ऑगी गाडी मागायला येईल,
तेव्हा द्यायला माझ्यापाशी कागद आहे.