फातिहाआधीची पुरी

रजबची बावीस.
अमरोह्यात धुकं एवढं, की समोरच्या घरचा दिवा
दुधात पडलेल्या केशराच्या काडीसारखा.
रात्री तीनला सासूबाईंनी मला हलवलं,
“ऊठ, दुल्हन. वुजू करून ये, कणीक मळायचीय.”

रवा, दूध, साखर, बडीशेप.
मळताना बोलायचं नाही, चाखायचं नाही,
आणि नियाज झालेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही.
ज्याला खायचंय, त्यानं छताखाली यावं.
नऊ वर्षं मी हे करते.
नऊ वर्षं माहेरी सांगितलेलं नाही.

माझं माहेर सहारनपूरकडचं.
तिथे अब्बा जुम्म्याला भरल्या मशिदीत म्हणायचे,
भुकेल्याला रोज वाढा, तारीख कशाला बघता?
देणारा एक, मागणं त्याच्याचपाशी.
तो लाकूडतोड्याच्या बायकोचा किस्सा
कुठल्या किताबात आहे? पान दाखवा मला.
कुणी दाखवलं नाही.
पान सासूबाईंकडे आहे :
पिवळं, तुपकट, एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
किताबाचं नाव त्या कोपऱ्यात होतं, म्हणतात.

मधले दीर जिद्द्याहून परतल्यापासून
या दिवशी नेमकं मुरादाबादला काम काढतात.
रात्री आल्यावर मात्र मोरीपाशी उभे राहून
घासायच्या कढईकडे बघतात.
शबीह चच्ची म्हणतात, इमामांच्या नावाचं आहे, बस्स.
टोकाचे हकीमसाहेब म्हणतात,
ही तारीख भलत्याच कुणाच्या मौतीची, खीर कसली खाता.
रामौतार कुंभार कुणालाच काही म्हणत नाही,
पेंढ्यातून एकेक कुंडा काढून टिचकी मारतो, कानाशी धरतो.
“पूर्वी या गल्लीत दोनशे जायचे, बहूजी. यंदा साठ.”

आणि यंदा, झुंजूमुंजू व्हायच्या आत, अब्बा.
रात्रभर बसमधून, न कळवता,
मोतीबिंदू काढल्यावर नातवाचा चेहरा
पहिल्यांदा नीट बघायला.
नीट दिसत होतं त्यांना.
पांढरं दस्तरखान, ओळीनं कुंडे, उदबत्तीचा धूर,
आणि कोपरापर्यंत पिठात मी.

ते ओसरीवरच बसले, बूट न काढता.
“चहा दे. नुसता.”
कप बशीवर वाजत होता.
काल दुपारपासून पोटात काही नव्हतं,
हे त्यांनी सांगितलं नाही, हातांनी सांगितलं.

मी खिचडीसाठी दुसरी चूल पेटवायला गेले
तर सासूबाई कढईपाशी.
त्यांनी परातीतून गोळा तोडला,
लाटला, सोडला, फुगला, काढला.
साधी चिनी मातीची बशी घेतली, कुंडा नाही,
पदर सावरून ओसरीपर्यंत गेल्या
आणि दाराआडून म्हणाल्या,
“मौलवीसाहेब, फातिहा अजून व्हायचीय.
तोवर हे पीठ आहे आणि साखर आहे.
माझ्या सुनेनं मळलंय.”

अब्बा खूप वेळ पुरीकडे बघत राहिले.
वाफ गेली. वरचा फुगा बसला.
मग बिस्मिल्ला म्हणाले, आणि तोडली.
“साखर जरा जास्त पडलीय,” एवढंच.
चाखायची नसते, हे त्यांना कोण सांगणार?

आत बायका जमल्या. अल्हम्द सुरू झाली.
शबीह चच्ची नेहमीसारख्या एका शब्दावर घसरल्या
आणि ओसरीवरून, घास तोंडात असताना,
अब्बांनी तो शब्द दुरुस्त केला.
आतून कुणीतरी तो तसाच पुन्हा म्हटला.

दुपारच्या बसला निघताना
त्यांनी नातवाचा चेहरा दोन्ही हातांत धरला,
इतका जवळून, की तो हसायलाच लागला.
मला काही विचारलं नाही.
मी उत्तर तयार ठेवलं होतं, नऊ वर्षांचं.
ते तसंच राहिलं, शिळं.

उंबऱ्यापलीकडे जाऊन त्यांनी दाढी झटकली.
पुरीचा एक कण रस्त्यावर पडला,
चिमणीनं उचलला.
मी सासूबाईंकडे पाहिलं.
“ती आधीची होती,” त्या म्हणाल्या,
आणि कुंडे मोजायला आत गेल्या.