बरणी क्रमांक ४१७

लेबल केव्हाच विरघळलं होतं.
मिस्किटांनी बरणी उजेडाकडे धरली:
"मॅडम, हा कोण ते लिहून द्या. सोमवारी यादी हवी."
आत, स्पिरिटात, भिजल्या पावाच्या तुकड्यासारखा
एक जीव.

रंगाचा उपयोग नाही, स्पिरिटात सगळे एका रंगाचे होतात.
आकाराचाही नाही; लाटेच्या माऱ्यात वाढला तर बसका,
धक्क्याच्या शांत खांबावर तोच बोटं काढतो.
म्हणून नखाएवढा काप घेतला
आणि त्यावर मोरीतलं ब्लीच ओतलं.

तोंड नाही याला, काळीज नाही, नस नाही.
नुसती भोकं, आणि आत
कॉलर उभारून चाबूक हलवत बसलेल्या पेशी,
ज्यांनी उभा जन्म एकाच दगडावर
चिंबईचा समुद्र गाळला, गटारासकट.

रात्रीत मांस गेलं. राहिल्या सुया.
यांची ओळख पटते ती या साक्यावरून.
ॲसिडचा थेंब: फसफसला नाही, म्हणजे चुन्याचा नव्हे.
सहा टोकांची सुई नाही, म्हणजे खोल पाण्यातला काचेचा नव्हे.
चौथं घराणं हल्लीच वेगळं निघालं,
रेशनकार्डावरून नाव कमी करून घ्यावं तसं;
त्यातलाही नसावा.
उरले डेमोस्पंज. मी त्यांना 'बाकीचे' म्हणते.
दहातले आठ तिथेच असतात.

मिस्किटा स्टूल ओढून बसले.
मग दरवर्षी पहिल्या तासाला सांगते ते त्यांनाही सांगितलं:
जिवंत स्पंज तलम कापडातून पिळला,
पेशीन् पेशी सुटी केली,
तरी त्या तळाशी सरपटत एकमेकींना शोधतात,
पुन्हा स्पंज होतो.
पोरं इथे टाळ्या वाजवतात.
मिस्किटांनी विचारलं, "किती दिवस लागतात?"
त्यांची गल्ली आता मीरा रोड, नायगाव, विरार अशी आहे.
म्हटलं, "आठ-पंधरा दिवस. सगळ्यांना नाही जमत."

"हा मीच आणलेला," ते म्हणाले,
"सत्याऐंशी साली, अवसेच्या ओहोटीला.
सरांना हवा होता. गुडघा फुटला होता माझा."

यादीत लिहिलं:
वर्ग, डेमोस्पंज. जाती, ठाऊक नाही. ठिकाण,
आणि पेन त्यांच्याकडे दिलं.
त्यांनी खाली वाकून, शाळकरी अक्षरात,
आता रस्त्याखाली गेलेल्या एका दगडाचं नाव लिहिलं:
कावळ्याची खडप.