एक हात खिशात

चासी उद्यमनगरात दस्तगीरनं वाकवलेली,
ट्रान्सफॉर्मर मिठारीकाकांनी हातानं गुंडाळलेला;
एक वेढा चुकला, हे त्यांनी
झाकणाच्या आत पेन्सिलीनं कबूल केलंय.

काका जाऊन बारा दिवस.
ब्लीडर तुटलेला, म्हणून कपॅसिटर अजून भरलेला.
स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर फाडदिशी ठिणगी.

‘एक हात खिशात घाल, मर्दा,
मगच दुसरा आत.’

नवा व्हॉल्व्ह. फिलामेंट तापायला तीन मिनिटं,
तेवढ्यात ते बशीतला चहा संपवायचे.
मी नुसताच उभा, खिडकीत रंकाळ्याचा वारा.

काच नारिंगी झाली.
क्लबचा कॉलसाईन पाठवला.
कोलंबोहून कुणीतरी टकटकत विचारलं:
आज हात वेगळा वाटतोय?

उजव्यानं उत्तर द्यायला घेतलं.
डावा अजून खिशातच.