दोन हजार अठ्ठेचाळीस किलो

खोर खुवैरच्या वजनकाट्यावर
डोंगर फोडून आणलेला दगड रात्रंदिवस मोजला जातो
आणि तो मोजणारं लिनक्सचं मशीन
दुपारी तीनच्या सुमाराला आडवं होतं.

सगळ्यांनी डिस्कच्या नावाने खडे फोडले.
खड्यांना इथे तोटा नाही.
मीही डिस्क बदलली.
फाईल सिस्टीम तपासली, निर्दोष निघाली.
पंख्यातून वाटीभर धूळ काढली,
पिठासारखी, पांढरी.
चौथ्या दिवशी पुन्हा कर्नल पॅनिक,
पुन्हा न उघडणारी झिप.

दरम्यान झरीन गुलचा पगार कापला गेला होता.
छापील चिठ्ठी म्हणते त्रेसष्ट हजार नऊशे,
फाईल म्हणते एकसष्ट हजार आठशे बावन्न.
वाटेत माल विकला, असं ठरलं.
त्याने वाद घातला नाही. एवढंच विचारलं,
"इथे दगड विकत कोण घेतो?"
बिजीश प्रिंटरचा कागद सरळ करत राहिला.

रात्री एकाच फाईलचा चेकसम तीनदा काढला.
तीन वेळा, तीन उत्तरं.
डिस्क खोटं बोलली तर एकच खोटं धरून बसते.
हे तर दर वेळी नव्याने विसरत होतं.

मग पाठकोऱ्या चिठ्ठीवर
झरीनच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली, सहजच.
दोन हजार अठ्ठेचाळीस.
पुन्हा केली.
चोर इतकं नेमकं चोरत नाही.
दोनाचा अकरावा घात,
एकाच्या जागी शून्य,
बस.

मेमटेस्ट लावून खुर्चीतच पेंगलो.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेताना चिवचिवत होते.
पहाटे अडीचला पडद्यावर लाल ओळ,
तिच्याखाली आणखी एक,
पत्ता तोच, बिट तोच.
दुसऱ्या खाचेतली रॅमची पट्टी काढली,
चेकसम घेतला. तीनदा. एकच उत्तर.
या मुलखात कुणी आपलं आडनाव
पहिल्या झटक्यात बरोबर उच्चारावं,
तसं वाटलं.

झरीन गुलला पट्टी दाखवली.
त्याने ती उन्हात धरली, उलटी केली, हुंगलीसुद्धा.
"यातला कुठला?"
मी म्हटलं, दिसत नाही.
"मग मला द्या.
विसरभोळा साक्षीदार जवळ असलेला बरा."
आता ती त्याच्या आरशाला लटकते,
तसबीहच्या शेजारी.

कापलेले पैसे मात्र मिळालेले नाहीत.
हिशेबखातं म्हणतं,
मागचा महिना बंद झाला,
बंद महिना उघडायची सोय
सिस्टीममध्ये नाही.