घरचं माणूस

दिवसभर मी हिंदीत असते.
विमा कार्यालयात, रिक्षात, दूधवाल्याशी.
आणि हिंदीला दोनच दारं: का, की.
तिवारी मॅडम विचारतात, घर पे कौन है?
मी म्हणते, वो सो गए होंगे,
आणि त्या एका क्रियापदानं
यामिनीला मिशा फुटतात.

रात्री तिला सांगते. ती आरशात बघते,
ओठावरून बोट फिरवते, म्हणते,
आज जरा दाट आल्यात.

अशी अकरा वर्षं.

पूर्वी मी खुणा शोधायचे, वेड्यासारखी.
आखूड नखं. एका स्कूटीला दोन हेल्मेटं.
दारावरच्या पाटीवर दोन आडनावं, मधे स्वल्पविराम.
"मैत्रीण" म्हणण्याआधी घेतलेला श्वास.
लोकमान्य नगरातल्या एकीची नखं बघून
योगवर्गात महिनाभर तिच्या मागे सतरंजी टाकली.
ती तबला वाजवायची, एवढंच.
नवरा पेटीवर.
त्यांच्या मुलाच्या मुंजीत जिलेबी वाढून आले मी.

पण परवाचं सांगते.
जानेवारी. सराफा. रात्रीचे साडेबारा.
सोन्याची दुकानं कुलपात, त्यांच्याच पायऱ्यांपुढे
तेल उकळतंय. ऑफिसची सगळी टोळी
गराडूच्या ठेल्यापाशी, हात काखेत घालून.
पुढे एक बाई. साठीची असेल.
कानांवरून मफलर, पायांत कापडी बूट.
ठेलेवाल्यानं जीरावणाचा डबा उचलला तशी
तिनं हात आडवा धरला:
इसमें मत डालो भैया, ये घर के लिए.
भाईसाब मिर्ची नहीं खाते? तो हसला.
आणि ती, हिंदीत उत्तर द्यायचं सोडून,
कढईकडे बघत, कुणालाच नाही असं म्हणाली:
आमच्या घरचं माणूस तिखट खात नाही.

घरचं.

रामबागेत रविवारी मराठी शिकवायच्या त्या बोळेबाई
लाल शाईनं माझ्या वहीत सुधारायच्या:
माणूस पुल्लिंगी. तो माणूस.
आई मात्र जन्मभर म्हणत आली,
ते माणूस चांगलं होतं, ते माणूस गेलं.
वहीत नापास झालेलं ते नपुंसकलिंग,
हिंदीच्या घरात न बांधलेली ती तिसरी खोली,
आणि तिथे कुणीतरी दिवा लावून बसलंय.

असेलही साधंच. असेल नवरा, अल्सरवाला.
कितीतरी बायका असंच म्हणतात,
नाव घ्यायला नको म्हणून.
ठाऊक आहे मला. ती जिलेबी आठवत होतीच.
तरी द्रोण घेऊन एक पाऊल पुढे झाले.
थंडीनं आवाज बसलेला.
म्हटलं: आमचंही नाही खात.

ती लगेच वळली नाही.
आधी सुट्टे मोजले, दोनदा.
मग बघितलं, चेहऱ्याकडे नाही,
माझ्या स्वेटरच्या बाहीकडे,
जी यामिनीची आहे, चार बोटं लांब.
किती वर्षं?
अकरा.
आमची एकतीस, म्हणाली. आणि
जरा मागे सर गं, तेल उडून राहिलंय.

गेली. नाव नाही, नंबर नाही.
पहचान की थीं? तिवारी मॅडमनी विचारलं.
मराठी हैं, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दीड. यामिनी रजईत, जागी.
पुडी सोडली, फुंकर घालायची गरजच नव्हती, गार झालेलं,
तरी फुंकर घालून एक तुकडा तोंडात टाकला.
उशीर केलास. कोण भेटलं?

बघा, प्रश्नसुद्धा त्याच खोलीतून आला.

आमच्यासारखं, असं म्हणणार होते.
"आमच्या"पाशी जीभ अडली.
म्हटलं, आपलं माणूस.

तिचं चावणं थांबलं.
तेलकट बोटं तशीच हवेत.
मग म्हणाली,
त्यांच्या घरी मिशा कुणाला येतात?